डाव्या हाताची परीक्षा

त्याला सगळे पक्कड म्हणत. हे नाव कामावर पडलं. परांची बांधणाऱ्या टोळीतला तो सगळ्यांत जुना माणूस. लोखंडी पाईप एकदा त्याच्या डाव्या हातात गेला की हलायचा नाही, मग वर वारा सुटलेला असो नाहीतर खालून मुकादम बोंबलत असो. उजव्या हाताने पाना फिरवायचा आणि डाव्याने धरायचं, हेच त्याचं काम. उभ्या हयातीत त्याच्या डाव्या हाताने दुसरं काही केलं नव्हतं. त्यामुळे तो हात उजव्यापेक्षा जाड झाला होता आणि त्याची बोटं रिकामी असतानाही थोडी वाकलेलीच राहत.

असा माणूस पडला, तोही घरातल्या स्टुलावरून, पडदा लावताना.

बायको ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "आठव्या मजल्यावर फळीवरून चालत जातात, आणि माझ्या एवढ्याशा स्टुलावरून पडले. बरं, पडले तर पडले, पडदा सोडायचा की नाही? दांडी, पडदा, भिंतीतले खिळे, सगळं सोबत घेऊन खाली आले."

उजवं मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरने प्लास्टर काढताना सांगितलं, "पडलात त्याचं काही नाही हो. तुम्हाला पडता येत नाही, त्याचं आहे. या वयात एक करा, पडायला शिका."

डॉक्टर कदाचित सहज बोलला असेल. पण पक्कड कुणाचं बोलणं सहज घेणारा नव्हता. गोदामामागच्या गल्लीत एक लांबट हॉल होता. त्यात संध्याकाळी ज्युदो चालायचा. तिथे लोक एकमेकांना पाडतात, एवढं त्याला ठाऊक होतं. तो जाऊन उभा राहिला.

"लोक वर चढायला शिकतात," बायको म्हणाली. "आमचे हे खाली पडायला निघालेत. आणि त्यालाही शिकवणी!"

हॉल चालवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या. पूर्वी शाळेत खेळ शिकवायच्या. बुटक्या, केस बारीक कापलेले, आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "धरता तर येतं तुला. बाकीचं बघू."

पांढऱ्या पट्ट्यापासून त्याने सुरुवात केली. त्याच्याबरोबर शिकणारे बहुतेक लोक त्याच्या निम्म्या वयाचे. ते चार दिवस यायचे, आठ दिवस गायब व्हायचे. पक्कडने एक दिवस चुकवला नाही. कामावरून थेट यायचा, हातापायांची धूळ नळाखाली धुवायचा, जाड सुती जॅकेट चढवायचा आणि गादीवर उतरायचा. सांगितलं तेवढं करायचा, आणि घरी जाऊन तेच पुन्हा करायचा. पिवळा झाला, नारिंगी झाला, हिरवा झाला. हिरव्यापाशी बरेच लोक गळतात, कारण तिथून पुढे नुसता उत्साह पुरत नाही, घाम लागतो. पक्कडकडे घाम होता. निळा पट्टाही बांधला गेला.

पण एक गोष्ट बाईंनी नारिंगीलाच ओळखली होती. ज्युदोत उजवीकडून टाकणारा माणूस तुमची उजवी बाही धरून ठेवतो. पडताना तुमचा डावा हात मोकळा व्हायला हवा आणि तळवा उघडा ठेवून गादीवर सपकन आपटायला हवा. धक्का हात खातो, हाडं वाचतात. पक्कड एकटा पडायचा तेव्हा त्याचा हात झकास आपटायचा. मात्र त्याच हातात समोरच्याची बाही असली की तो उघडायचाच नाही.

"डावा हात झोपतो तुझा," बाई म्हणायच्या.

"झोपत नाही बाई. जागाच असतो."

"तेच तर."

खालच्या इयत्तांत हे खपून गेलं. अंगात जोर असलेल्या माणसाची चूक उशिरा सापडते. समोरचाच सावरून घ्यायचा, आणि पक्कडला वाटायचं, जमलं.

मग एका संध्याकाळी ड्रायव्हरचं हाड मोडलं.

ड्रायव्हर म्हणजे शहर-बस चालवणारा, पक्कडपेक्षा पाचेक वर्षांनी लहान, बोलण्यात पटाईत. दोघे एकदमच निळे झाले होते आणि एकदमच तपकिरी पट्ट्याच्या परीक्षेला बसणार होते. ड्रायव्हरने त्याला खांद्यावरून टाकलं. टाक चांगली होती. पक्कड हवेत गेला आणि त्याच्या डाव्या हाताने ड्रायव्हरची बाही आवळली. दोघे एकत्र खाली आले. ड्रायव्हर त्याच्यावरून पुढे फेकला गेला आणि खांद्याच्या टोकावर पडला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो पक्कडने ऐकला. बाही तरीही त्याच्या मुठीतच होती. बाईंनी येऊन एकेक बोट सोडवलं.

गळ्याजवळचं हाड होतं. ड्रायव्हर बरेच दिवस हात गळ्यात बांधून घरी बसला. पक्कड दर रविवारी त्याच्याकडे जायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा, त्याच्या बांधलेल्या हाताकडे बघत राहायचा. ड्रायव्हर म्हणायचा, "अरे, बघायला आलास की माझ्या बायकोला घाबरवायला? हस की जरा."

बाईंच्या हॉलमध्ये एक रीत होती. परीक्षा देणाऱ्याने जोडीदार निवडायचा नाही. त्याने गादीच्या मधोमध उभं राहायचं, आणि ज्याला त्याच्याबरोबर उतरायचं असेल त्याने हात वर करायचा. बाई म्हणायच्या, आपलं अंग कुणाच्या हाती द्यायचं हे देणाऱ्याने ठरवावं.

पुढच्या परीक्षेसाठी जोडीदार ठरवायची वेळ आली तेव्हा पक्कड मधोमध उभा राहिला. भिंतीला टेकून सगळे बसले होते. कुणी पट्ट्याची गाठ तपासत होतं, कुणी पायाची नखं बघत होतं. हात वर झाला नाही. पक्कडने खाली गादीकडे पाहिलं. त्याला कुणाचा राग आला नाही. त्यानेही हात वर केला नसता.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा मात्र मागून आवाज आला, "बाई, माझा हात अजून पूर्ण वर जात नाही. अर्धा चालेल का?"

ड्रायव्हर होता. त्या दिवशीच परत आला होता.

पक्कडला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आता मोडायला पुन्हा तेच हाड होतं.

सराव सुरू झाला. ड्रायव्हर आधी हलकेच टाकायचा. हात उघडायचा नाही. ड्रायव्हर सावध होता, गुडघा टेकून सावरायचा. पक्कडने डाव्या मनगटाला लाल दोरा बांधून पाहिला, म्हणजे लक्ष राहील. लक्ष राहिलं, पण हात उघडला नाही. साबण लावून पाहिला. घरात गादी अंथरून, खिडकीच्या गजाला टॉवेल बांधून, तो धरून मागे पडायचा. टॉवेल फाटला, मूठ सुटली नाही.

एका सकाळी बायकोने बाही वर करून दंड दाखवला. चार बोटांचे निळे ठसे उठले होते. "झोपेत सुद्धा धरता तुम्ही," ती म्हणाली. "मी काय आठव्या मजल्यावर आहे?"

त्याने त्या ठशांकडे पाहिलं आणि चहा तसाच ठेवून उठला. त्या रात्रीपासून तो डावा हात उशीखाली दाबून झोपू लागला.

आणि त्याहून वाईट एक विचार होता, जो त्याने कुणाला सांगितला नाही. समजा हात उघडायला शिकला, तर तो गादीवरच उघडेल कशावरून? हाताला गादी काय अन् आठवा मजला काय. कामावर तो वर चढला की थांबून मुठीकडे बघायचा. कमरेच्या सुरक्षा-पट्ट्याचा हूक लावला की नाही हे दोनदा, तीनदा ओढून पाहायचा. पूर्वी असं कधी केलं नव्हतं.

टोळीत त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. तो वरून म्हणाला, "भावजी, हुकाचं लग्न लावताय का? किती वेळ!"

त्याच दिवशी दुपारी पाईप वर चढवायचे होते. रीत अशी की खालचा माणूस पाईप वर रेटतो, वरचा धरतो आणि ओरडतो, "घेतला!" ते ऐकल्याशिवाय खालच्याने सोडायचा नाही. डोळ्यांना काहीही दिसो. डोळे फसतात, वरच्याचा हात नुसता टेकलेला असू शकतो. या एका शब्दावर कित्येक डोकी शाबूत राहिली आहेत.

पक्कड खाली होता, मेहुणा वर. मेहुण्याने पाईप धरला आणि ओढू लागला. पाईप येईना.

"भावजी, सोडा की!"

"म्हण."

"अहो, धरलाय ना! दिसत नाही का?"

"म्हण."

"मुलगी दाखवायला आणल्यासारखं काय करताय! घेतला! घेतला, बाबा, घेतला!"

आणि पक्कडचा हात उघडला. त्याने उघडला नाही, आपणहून उघडला. शब्द कानावर पडला आणि बोटं मोकळी झाली. पाईप वर गेला तरी तो तसाच हात वर करून उभा. मग हात खाली आणून त्याने तळव्याकडे पाहिलं. एवढी वर्षं हा हात उघडत आला होता, दिवसातून कितीतरी वेळा. फक्त कुणी भार घेतल्याचं सांगितल्यावर.

संध्याकाळी तो ड्रायव्हरला म्हणाला, "टाकताना 'घेतला' म्हण."

"काय घेतला?"

"मला. माझा भार तुझ्यावर आला की म्हण."

"मी बस चालवतो रे, हमाली नाही करत."

"म्हणून तर बघ."

ड्रायव्हरने त्याला कमरेवर घेतलं आणि म्हटलं, "घेतला." सपकन आवाज झाला. पक्कडचा डावा तळवा गादीवर पसरला होता. ड्रायव्हर उभाच्या उभा. भिंतीपाशी बसलेल्यांपैकी कुणीतरी "अरे वा!" म्हणालं.

"परत," पक्कड म्हणाला.

त्या संध्याकाळी त्यांनी थकून जाईपर्यंत तेच केलं. शब्द आला की हात उघडायचा. खांद्यावरूनची टाकही झाली. शेवटी ड्रायव्हरचा घसा बसला. "उद्या बसमध्ये 'पुढे सरका' कसं म्हणू?" तो म्हणाला.

पक्कड बाईंकडे गेला. "परीक्षेत बोललेलं चालतं का?"

"मला चालेल. पण परीक्षक बाहेरून येणार."

"तुम्ही विचाराल?"

बाईंनी थोडा विचार केला. "विचारलं तर नाही म्हणतील. नाही विचारलं तर कदाचित कानाआड करतील."

'कदाचित' हा शब्द त्याच्या डोक्यात अडकला. परीक्षेपर्यंत तो जेवला, झोपला, कामावर गेला, पण तो शब्द दातात अडकलेल्या तुसासारखा तिथेच राहिला. सराव मात्र त्याने सोडला नाही. शब्दाशिवाय पडून पाहिलं. कधी उघडायचा, कधी नाही. कधी उघडेल ते आधी कळत नव्हतं. कधीच उघडत नसता तर बरं झालं असतं, निदान काय ते कळलं तरी असतं.

परीक्षेच्या सकाळी परीक्षक आले. उंच, चष्मेवाले, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या. खुर्चीवर बसले, मांडीवर हात ठेवले. पहिली जोडी उतरली. त्यातला एक दुसऱ्याला काहीतरी कुजबुजला. परीक्षकांनी हात वर केला.

"गादीवर बोलायचं नाही. एकही शब्द नाही. हे सगळ्यांना लागू."

पक्कडने तळवे पँटला पुसले. मग पुन्हा पुसले.

त्यांची पाळी आली. आधी पक्कडने ड्रायव्हरला टाकायचं होतं. ते त्याने चोख केलं. प्रत्येक वेळी टाकताना ड्रायव्हरची बाही शेवटपर्यंत वर ओढून धरली, त्याचा तो खांदा गादीला लागू दिला नाही. परीक्षकांनी मान हलवली. मग बाजू बदलली. वाकून नमस्कार करताना ड्रायव्हर ओठ न हलवता पुटपुटला, "हळूच म्हणतो."

कमरेवरची टाक आली. ड्रायव्हरने श्वासात शब्द सोडला. हात उघडला, आपटला.

"बोललात तुम्ही?" परीक्षकांनी विचारलं.

"श्वास सोडला," ड्रायव्हर म्हणाला.

"श्वासाला शब्द नसतात. पुन्हा ऐकू आलं तर दोघंही बाहेर."

आता खांद्यावरची टाक होती. ड्रायव्हर समोर येऊन उभा राहिला. त्याने पक्कडची बाही धरली, पक्कडने त्याची धरली. जॅकेटच्या गळ्यातून ड्रायव्हरचं हाड दिसत होतं. जिथे जुळलं होतं तिथे बारीकसा उंचवटा होता. ड्रायव्हरचे डोळे म्हणत होते, चल. तो बोलला असता तर त्याचाही पट्टा गेला असता. नाही बोलला तर मग हाताचा भरवसा नव्हता. पक्कडने डाव्या हाताला विचारून पाहिलं. हात काही बोलला नाही.

त्याने बाही सोडली आणि एक पाऊल मागे आला.

"मी हे पडणार नाही," तो म्हणाला.

परीक्षक म्हणाले, "लागलंय का काही?"

"नाही."

"मग?"

"माझा हात सुटेल याची खात्री नाही. याचं हाड एकदा मोडलंय, माझ्यामुळे."

"तुमची परीक्षा इथे संपते, हे लक्षात येतंय ना?"

"हो."

"आणि याची? याने कुणाला टाकायचं?"

पक्कडने तेवढा विचारच केला नव्हता. तेव्हा बाई भिंतीपासून उठल्या, पट्टा घट्ट केला आणि ड्रायव्हरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. साठी उलटलेली बाई ड्रायव्हरच्या खांद्यावरून गेली आणि गादीवर अशी पडली, जशी वाळत घातलेली चादर दोरीवरून घसरावी. डावा हात केव्हा उघडला ते पक्कडला दिसलंच नाही, आणि तो दुसरं काही बघत नव्हता.

ड्रायव्हरला तपकिरी पट्टा मिळाला. पक्कड निळाच राहिला.

कपडे बदलायच्या खोलीत ड्रायव्हरने पट्टा बाकावर टाकला.

"सुटला असता," तो म्हणाला.

"कदाचित."

"कदाचित नाही. सुटला असता."

"कदाचितवर मी फळी टाकत नाही."

"मी फळी आहे का रे?" ड्रायव्हरचा आवाज चढला. पक्कडने त्याला कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. हाड मोडलं तेव्हाही नाही. "हाड कुणाचं? माझं. हात कुणी वर केला? मी केला. घाबरायचं असेल तर मी घाबरेन. तू मला विचारलंस तरी का? सगळ्यांसमोर मला काचेचं भांडं करून टाकलंस."

पक्कड बुटाची नाडी बांधत राहिला. ती बांधून झाली होती.

घरी बायकोने दार उघडताच विचारलं, "कुणाचं मोडलं?"

"कुणाचंच नाही."

"मग तोंड का असं?"

त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "हाडाच्या बाजूने बघितलं तर बरं केलंत. माणसाच्या बाजूने बघितलं तर त्याचा अपमान केलात. आता निस्तरा तुमचं तुम्ही."

"कसं?"

"मला काय विचारता? ज्याचा केलात त्याला विचारा."

मंगळवारी पक्कड हॉलमध्ये गेला. जावं की नाही, हे गल्लीच्या तोंडापर्यंत ठरत नव्हतं. ड्रायव्हर आधीच आला होता. नवा पट्टा कडक होता, त्याची टोकं शिंगांसारखी बाजूला उभी राहिली होती. पक्कड त्याच्यासमोर गेला.

"विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"हवं होतं."

"आता विचारतो. शब्दाशिवाय टाकशील? हात सुटला नाही तर तू खाली येशील. पुन्हा मोडेल."

"मोडेलही." ड्रायव्हरने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं. "बायकोला सांगितलंय मी. ती तुला शिव्या देतेय, मला नाही. चल, ये."

बाई लांबून बघत होत्या. मधे पडल्या नाहीत.

पक्कडने बाही धरली. ड्रायव्हर वळला, खांदा खाली घातला, तोंड घट्ट मिटलेलं. पक्कडचे पाय गादीवरून सुटले. छत दिसलं, मग ट्यूबलाइट. मुठीत कापड होतं. कापड होतं, अजून होतं, आणि मग नव्हतं. हात गादीवर पडला, पण उशिरा. पाठ आधी आपटली. ड्रायव्हर ओढला जाऊन एका गुडघ्यावर आला आणि तिथेच थांबला.

दोघेही हलले नाहीत. ड्रायव्हरने खांद्यावरून हात फिरवून पाहिला.

"उशीर झाला," तो म्हणाला.

"हो."

"पण सुटला."

ड्रायव्हरने हात पुढे केला आणि पक्कडला उभं केलं. पक्कडने जॅकेट सारखं केलं, पट्टा ओढला आणि त्याची बाही धरली.

"परत," तो म्हणाला.